आबांची इटलीवरची दुसरी स्वारी

नेरूळ, नवी मुंबई
८ एप्रिल १९८५

तीर्थस्वरूप काशीआत्यांना सुचित्राचा साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे फार कुरकुरत नसतील, आणि शाळेतून निवृत्त झालात तरी गल्लीतल्या पोरांना अंगणात बसवून पाढे घेणं चालूच असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक आहोत. (ठीक म्हणजे कसे, ते पुढे येईलच.) तुम्ही पडलात मास्तरीण, म्हणून एक विनंती आधीच करते. मागचं पत्र तुम्ही ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर तांबड्या शाईच्या खुणा करून परत पाठवलं होतंत, तसं या वेळी करू नका. हे पत्र मी मोठ्या काळजीत लिहिते आहे आणि यांनी ते पोस्टात पडण्याआधी वाचायला मागितलं आहे, तेव्हा मुद्द्याला धरून लिहिलं पाहिजे.

मुद्दा असा की तुमचे बंधू, म्हणजे आमचे आबा, येत्या कार्तिकात इटलीला जायचं म्हणतात. इटली म्हणजे देश. (मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं दादरला त्या नावाचं एखादं हॉटेल निघालं असेल.) तरुणपणी पलटणीबरोबर ते तिकडे लढायला गेले होते हे मला ठाऊक होतं. ते आणि तुमचे यजमान दत्तूमामा एकाच दिवशी भरती झाले, एकाच तुकडीत होते, आणि परत आले ते एकटे आबा, एवढं यांनी मला लग्नानंतर सांगितलं होतं. वर, घरात हा विषय काढायचा नाही, असंही बजावलं होतं. त्यामुळे मी कधी काढला नाही. पण संक्रांतीच्या दिवशी जेवताना आबांनीच काढला. तिळाची पोळी मोडता मोडता म्हणाले, ‘औंदा मी इटलीला जातुया.’ आणि तूप मागितलं. यांच्या हातातला घास हातातच राहिला. खर्चाचं काय, असं यांनी विचारायच्या आत आबा म्हणाले की ते माझं मी बघितलंय, तू फक्त तिला तूप वाढायला सांग.

मग एक दिवस मी त्यांच्याबरोबर बसने वाशीला गेले. तिथे परदेशच्या सहली नेणारं एक नवं ऑफिस निघालं आहे. तिथला साहेब फार गोड बोलायचा. त्याने एका बाजूला कललेल्या मनोऱ्याचं रंगीत चित्र पुढे ठेवलं. आबांनी ते बराच वेळ पाहिलं आणि आमच्याही इमारतीचा जिना असाच खचलाय, असं त्याला सांगितलं. मग विचारलं, यात सांग्रो नदी कुठाय? त्या बिचाऱ्याने हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. तो म्हणाला की आजोबा, पाणीच बघायचं तर व्हेनिस बघा, तिथे रस्त्यातून होड्या जातात. आबा म्हणाले की रस्त्यातलं पाणी आम्ही पावसाळ्यात इथंच बघतो, मला नदी पायजे. शिवाय सहली जातात मे महिन्यात आणि आबांना जायचं नोव्हेंबरात. साहेब म्हणाला की नोव्हेंबरात तिकडे पाऊस, चिखल, बोचरी थंडी, सीझन संपलेला असतो. त्यावर आबांनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की मला वाटलं आता तो साहेबच उठून सलाम ठोकेल. शांतपणे म्हणाले, ‘आमाला न्हेलं तवा कुठला शीझन हुता?’

शेवटी ठरलं ते असं की कुणा पुण्याच्या मंडळींबरोबर रोमपर्यंत जायचं, ती मंडळी देवळं-चर्चं बघत फिरतील तोवर आबा सुटे, आणि परतताना पुन्हा सगळे एकत्र. मी विचारलं की आबा, रोमच्या पुढे रस्ता कोण दाखवणार? तर म्हणाले, तो मुलूख आम्ही पायांनी मोजलाय.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आले तेव्हाची गोष्ट तर हे अजून ऑफिसात कुणाला सांगत नाहीत. हवालदाराने विचारलं, पूर्वी परदेशी गेला होता का? आबा म्हणाले, होय की, बसरा, सिरिया, इटली. हवालदार सावरून बसला. कुठल्या पासपोर्टावर गेला होतात? आबा म्हणाले, ‘रायफलीवर.’ त्यानंतर मला दोनदा चहा करावा लागला आणि पलटणीची पदकं ट्रंकेतून काढून दाखवावी लागली, तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं. जाताना हवालदाराने आबांना वाकून नमस्कार केला, हे मात्र खरं.

तेव्हापासून घराची छावणी झाली आहे. पहाटे कवायत. दुधवाल्याला ‘बोन जोर्नो’ म्हणतात. म्हणजे इटलीचा रामराम. (दुधवाला उत्तरेकडचा आहे. त्याला वाटलं म्हातारा दूध पातळ असल्याचं बोलतोय. तेव्हापासून दूध चांगलं येतं, एवढाच या सगळ्यातला फायदा.) पाव मागायचा कसा, पाणी मागायचं कसं, हे सगळं त्यांच्या ध्यानात आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे शब्द आहेत, पण इकडे त्यांना काल केलेली भाजी आठवत नाही.

आणि आता सर्वांत वाईट. थंडीची सवय करायची म्हणून त्यांनी काय करावं? इथून जवळ करावे गाव आहे, खाडीकाठचं, मासेमारी करणाऱ्यांचं. तिथली गोजरा आमच्याकडे मासे घेऊन येते. तिच्या लोकांची बर्फ साठवायची खोली आहे. आबांनी तिच्याशी काय संधान बांधलं देव जाणे. पलटणीतला जुना जाडा कोट अंगावर चढवून, या एप्रिलच्या उन्हात, भरदुपारी चालत तिकडे जायचे आणि त्या खोलीत बसायचे. सोसायटीतल्या बायका मला विचारायच्या, आबांना हिवताप आलाय का? गेल्या मंगळवारी गोजरा टोपलीशिवायच धावत आली. म्हणाली, ‘सुनबाय, चल बेगीन. तुजा सासरा बरफाचे खोलीन बसलाय, हाक मारतंव त बोलत नाय न् उठत पन नाय.’ मी होते तशी धावले. आम्ही दोघींनी धरून त्यांना उन्हात आणून बसवलं. ओठ निळे पडले होते. घरी आणून तीन गोधड्या घातल्या, आल्याचा चहा दिला, डॉक्टर आले, ते मला रागावले. आबांना नुसती सर्दी झाली. माझं मात्र काळीज अजून ठिकाणावर नाही.

तेव्हा आत्या, तुम्ही वयाने धाकट्या असलात तरी आबा जगात कुणाचं ऐकत असतील तर ते तुमचंच, असं यांचं म्हणणं आहे. तुम्ही त्यांना एक खरमरीत पत्र लिहा. वय झालं, छातीत कफ होतो, परक्या मुलखात काही कमीजास्त झालं तर कोण बघणार, हे सगळं तुमच्या अक्षरात आलं तर त्याला वजन येईल. जाणं रद्द करायला लावा. हे सांगतात की शब्द कडक वापरलेत तरी चालतील.

मुलं तुमची आठवण काढतात. शेंगदाण्याची चटणी संपली आहे, हे सहज लिहिते.

आपली आज्ञाधारक,
सुचित्रा

ता. क. : यांनी पत्र वाचलं, ‘बरोबर लिहिलंस’ म्हणाले, आणि पोस्टात टाकायला मलाच सांगून ऑफिसला गेले. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. आत्या, वरचं सगळं घडलेलं आहे, खोटं काही नाही. पण शेवटची मागणी माझी नव्हे. तसं पत्र तुम्ही लिहू नका.

त्या मंगळवारी गोजरा चहा आणायला गेली तेव्हा भिंतीच्या सावलीत आबा माझ्याशी बोलले. थंडीची सवय वगैरे काही नव्हतं. त्या गारठ्यात डोळे मिटले की ती रात्र नीट आठवते, म्हणून ते तिथे जाऊन बसत होते. हे तुम्हाला सांगायचा अधिकार माझा नाही, पण सांगितल्याशिवाय तुम्ही यायच्या नाहीत हेही मला कळतं.

त्या रात्री सांग्रो नदीला पूर आला होता. पाणी बर्फासारखं. सगळे काठावर हुकुमाची वाट बघत कुडकुडत उभे होते. तेव्हा दत्तूमामा आबांच्या कानाशी म्हणाले, ‘काशी आत्ता हितं असती तर म्हनली असती, एवढ्या थंडीचं नदीला कशापायी निघालाय, दोघंबी गुमान घरात बसा.’ आणि तुमचा आवाज काढून म्हणाले. दोघांना हसू फुटलं. पलटणीतल्या हवालदाराने दटावलं तरी थांबेना. तेवढ्यात हुकूम झाला आणि तसेच हसत दोघे पाण्यात शिरले. पलीकडच्या काठावर आबा पाण्यातून वर आले, दत्तूमामा आले नाहीत.

मी विचारलं की आबा, हे आत्यांना का नाही कधी सांगितलं? म्हणाले, ‘रडत गेला असता तर सांगितलं असतं गं. हसत गेला, ते बी तिच्यावर. हे नव्या नवरीला कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि मागनं लई वरसं झाली.’ तिथे दगडावर नावं कोरली आहेत असं त्यांना पलटणीतल्या कुणीतरी कळवलंय. ते नाव बघायला ते निघाले आहेत.

वाशीच्या ऑफिसात त्यांनी दोन जागा सांगितल्या आहेत. हे समजतात, दुसरी स्वतःसाठी. मीही तसंच समजत होते. त्या दिवशी आबा म्हणाले, ‘दुसरी काशीची. पन मी इचारनार न्हाई. ती न्हाई म्हनली तर माजंबी पाय उचलायचं न्हाईत.’

म्हणून मी विचारते. आत्या, या. पासपोर्टाला वेळ लागतो, तेव्हा उशीर करू नका. फोटो तिकडे साताऱ्यातच काढून घ्या आणि थेट इकडेच या. यांना काय सांगायचं ते मी बघते.

दुसरा ता. क. : आत्ता लिहिताना आबा मागे येऊन उभे राहिले. कुणाला लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, काशीआत्यांना. खिडकीशी गेले, परत आले, चष्मा पुसला, पुन्हा खिडकीशी गेले. मग तिकडेच तोंड करून म्हणाले, ‘तिला म्हनावं, तिकडं थंडी लई असतीया, लोकरीचं घेऊन ये. आन् भिऊ नगं म्हनावं. पान्यात शिरायचं न्हाई, नुसतं काठावर हुबं ऱ्हायचंय.’