पालथ्या काहिलीवरचा फोनो

जोतीरामदादा,

फोनो सांगलीला दुरुस्तीला न्यायच्या आधी ही चिठ्ठी वाच. आई आन् मी कडेगावला आत्याकडं चाललोय, दिवस मावळायच्या आत येतो. भाकरी टोपल्यात हाय.

तू लढाईवरनं आल्यापासनं म्हणतोस, फोनोचा आवाज बसलाय, बोटीत खारं पाणी लागलं आसंल. डबाभर सुया बदलल्यास. आज सकाळी तू मळ्यात गेल्यावर मी त्यो उचलून गुळाच्या पालथ्या काहिलीवर ठेवला आन् चावी दिली. दादा, काय सांगू तुला! गाणं सुरू व्हायच्या आधी तबकडीतल्या बाईनं श्वास घेतला, त्योबी ऐकू आला. सारा सोपा भरून गेला. आई चुलीवरचं दूध तसंच सोडून बाहेर आली आन् हात जोडून हुबी ऱ्हायली. मी काहिलीवर तळवा ठेवला, तर गाणं हाताखाली जित्या जनावरागत थरथरत हुतं, पार कोपरापतूर चढलं.

तूबी तसंच कर. काहिलीला लागून बस, दोन्ही तळवे टेकव, डोळं मिट. घाई करू नगंस.

तोफांजवळ चार वर्सं काढलीस तू. परवा गोठ्यात मागनं तीनदा हाक मारली, तू वळला न्हाईस. तुज्या तोंडावर मला बोलवंना, म्हणून लिवतेय.

फोनो खोलू नगंस, दादा. त्येला कायबी झालं न्हाई.

अंजना