शुक्रवारपर्यंत प्रकाश हळू

सोमवार, ३ मार्च, सकाळी ८
शुक्रवारपर्यंत प्रकाश हळू चालवून दाखवायचा. नाहीतर विबेके माझा पापुद्रा ट्रोल्सला देणार. विबेके माझी प्राध्यापक, ट्रोल्स शेजारच्या टेबलावरचा. पापुद्रा ग्राफीनचा, म्हणजे कार्बनचा, एक अणू जाड, चिकटपट्टीने सोललेला. सदतीस प्रयत्नांत एकच शाबूत निघाला. त्यात कोंडलेला प्रकाश रखडत जातो. संकल्प: घाबरायचं नाही.

दुपारी ३
घाबरले नाही. आरशांवर धूळ वाटली, म्हणून मोजणी उद्यावर. आरसे पुसले.

मंगळवार, ४ मार्च
लेसरचा ठिपका ठेवला, फार जपून. प्रकाश नेहमीच्याच वेगाने. पुन्हा आरसे काढून पुसले. ट्रोल्स म्हणाला, एवढी हौस आहे तर माझ्या घरी खिडक्याही आहेत. लक्ष दिलं नाही. बाथरूममध्ये जाऊन अकरा मिनिटं लक्ष दिलं नाही.

बुधवार, ५ मार्च
प्रकाश मंदावला. हजारपट. गणित शंभरपट म्हणत होतं. गणितच भित्रं निघालं.
बाबांना लांगलँड बेटावर फोन. बारा वर्षांची होईपर्यंत त्यांनीच मला घरी शिकवलं. माझा नेहमी पहिला नंबर. वर्गात मी एकटीच. बाबांनी विचारलं, दोनदा तपासलंस ना? म्हटलं, एकवीस वेळा. एकच आकडा एकवीस वेळा वाचला, हे सांगायची गरज वाटली नाही.

गुरुवार, ६ मार्च
अगदी शांत आहे. उद्या ग्रुपच्या न्याहारीला केक, वर कागदी झेंडे. दुकानातल्या बाईने विचारलं, वाढदिवस कुणाचा? म्हटलं, तसं नाही, पण तसंच काहीतरी.

शुक्रवार, ७ मार्च, सकाळी ९.३०
विबेकेने केक घेता घेता विचारलं, पापुद्रा नाही तिथे मोजल्यावर काय येतं गं? म्हटलं, तिथे कशाला मोजायचं, तिथे काहीच नाही. ट्रोल्सने दुसरा तुकडा घेतला.

११
तिथेही हजारपट हळू. पुसून परत लावताना एक आरसा सेंटीमीटरभर, म्हणजे पापुद्र्याच्या रुंदीच्या शेकडोपट, मागे बसला होता. प्रकाश हळू नव्हता. त्याला लांबून यावं लागत होतं.

दुपारी ३.४०
पापुद्रा ट्रोल्सला दिला, सूचनांची चार पानं जोडून. त्याने ती न वाचता ठिपका थेट पापुद्र्यावर ठेवला. मी आठवडाभर तो केसभर बाजूला ठेवत होते, पापुद्र्याला इजा नको म्हणून. त्याचा प्रकाश शंभरपट हळू.
त्याने विचारलं, शोधनिबंधात तुझं नाव कुठे घालू? म्हटलं, कुणाची अडचण होणार नाही अशा ठिकाणी घाल.
आभारांत घातलं.