सहावी गुंडाळी

सोमवार, ३
पोरी, उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू दिलेली वही पेटीच्या तळाशी गेली होती. तुझा म्हातारा बाप सुखरूप पोचला. खोली उजेडाची, टेबल ऐसपैस, आणि भिंतभर जुने व्हॉल्व्हचे रेडिओ! मालकीणबाई हसऱ्या. म्हणाल्या, मोठ्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर पाचदा जळला, पाच कारागीर झाले. आजोबा, तुम्ही सहावे. मी म्हटलं, सातवा लागणार नाही.

बुधवार, ५
दुखणं सापडलं. एक कपॅसिटर गळका होता. त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त करंट ओढून लाल व्हायचा आणि ट्रान्सफॉर्मरची बारीक तार जळायची. कपॅसिटर बदलला, फ्यूज घातला, नवी तार गुंडाळली. आता एकच पथ्य: स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ लावायचा नाही. आवाजाला बाहेर वाट मिळाली नाही, की तो गुंडाळीच फोडतो.

शुक्रवार, ७
जेवून आलो तर रेडिओ चालू, स्पीकरच्या तारा सुटलेल्या. ट्रान्सफॉर्मर आतल्या आत गुणगुणत होता. होतं तसं, आतले लोखंडी पत्रे थरथरतात. पण तारा कोणी काढल्या? बाई म्हणाल्या, मी हातसुद्धा लावला नाही. मी सोल्डर करून पक्क्या केल्या.

रविवार, ९
सोल्डर तुटलंय. फडताळात जुन्या पाच गुंडाळ्या मिळाल्या. एक उलगडली. वर तांबं. आत केस. पांढरे, तारेसारखे नीट गुंडाळलेले. बाईंना विचारलं, ते पाच जण गेले कुठे? म्हणाल्या, इथेच आहेत की. आणि म्हणाल्या, तुमच्या जावयांचं नाव मी लिहून ठेवलंय, तेही हेच काम करतात ना? ही गुंडाळी जळाली की त्यांना बोलावते.
जळू देणारच नाही!

सोमवार, १०
प्लग उपटला. रेडिओ चालूच. ट्रान्सफॉर्मर पाच आवाजांत बोलतो. म्हणतो, सोडा आजोबा, जळलं की दुखत नाही. मी म्हटलं, गप बसा, कामचुकार कुठले!

मंगळवार
तारा डाव्या हाताने स्पीकरला दाबून धरल्यात. डोक्यावरून हात फिरवला— केस उरले नाहीत. बोटं काळी पडलीत. पडू देत. स्पीकर बोलतोय तोवर गुंडाळी शाबूत. गुंडाळी शाबूत तोवर जावईबापूंना बोलावणं नाही. खिडकीखालून पोस्टमन जाईल, वही त्याच्याकडे टाकीन—

दुपार
सोडणार नाही. बाई दारातून म्हणाल्या, कशाला थांबायचं, जावयांना पत्र परवाच टाकलं. खोटं बोलतात. खोटंच—
बाहेर कुणी चपला काढतंय. जावईबापू नव्हेत ते. पोरी, त्यांना धरून ठेव. ते घरीच आहेत ना? लवकर कळव, ते घरी—