चार वेळचं पाणी

३ मार्च

आज एक चष्मा बिघडवला. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली, उजवी डावीकडे! मालक ओरडले नाहीत, म्हणून जास्तच लागलं. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" कुठं असणार — घड्याळात. सात, अकरा, चार, नऊ. आईच्या पोटातलं पाणी नळीने काढायचं, नवीन भरायचं. तिच्या निकामी किडन्यांचं काम ते पाणी करतं आणि पाण्याचं काम मी. तिचे हात थरथरायचे, म्हणून पहिल्यापासून मीच करते. अकराला आणि चारला दुकानातून पळत घरी, पळत परत. बाबा गेले त्याच वर्षी हे — दुष्काळात तेरावा महिना. आठ महिने झाले.

५ मार्च

सकाळी छातीत धडधडत होतं. भिंतीला टेकून बसले. थांबलं.

८ मार्च

दवाखाना. सिस्टरनी आईचं वजन, पायांची सूज पाहिली, मग माझ्याकडे वळल्या. "तू कशी आहेस?" मी म्हटलं, "पाणी स्वच्छ येतंय, ताप नाही." त्या म्हणाल्या, "आईचं नाही विचारलं." मला रडूच फुटलं, औषधांच्या कपाटासमोर. झोप नाही, कशात मन नाही, सगळं बोलून गेले. आई खुर्चीत बसून ऐकत होती. सिस्टरनी समुपदेशक बाईंकडे वेळ घेऊन दिली आणि बजावलं, "घरात आणखी एकाला हे आलंच पाहिजे."

१० मार्च

मालक मला काचा कापायचं नवीन यंत्र शिकायला पाठवणार. परगावी, सहा आठवडे, एक तारखेपासून. मी हो म्हणून टाकलं. आधी हो, मग विचार! पण शब्द मागे घेणार नाही.

११ मार्च

दादाला शिकवायला घेतलं. रक्त नाही, सुई नाही, तरी घाबरगुंडी. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात नीट धुतले — आणि पठ्ठ्याने त्याच हातांनी नाक खाजवलं. परत धुवायला लावले. तीनदा. "तू बहीण आहेस की सासू?" म्हणाला. आई किती दिवसांनी हसली.

१४ मार्च

समुपदेशक बाईंना जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कधी कधी वाटतं, संपावं हे एकदाचं. हे म्हणजे काय, तेही सांगितलं. आईच. मान वर होईना. त्या म्हणाल्या, "थकलेल्या माणसाला असं वाटतं. म्हणून तुझी माया खोटी ठरत नाही." घरी येऊन पोटभर जेवले.

१७ मार्च

दादाला जमलं! सात, अकरा आणि नऊ तो बघेल. अकराला त्याला जेवणाची सुट्टी असते. पण चारला तो कामावरून सुटत नाही. मग मी जात नाही — असं लिहिलं आणि खोडलं. जाणार आहे. चारचं काहीतरी करणार आहे. शेजारच्या काकूंना विचारते उद्या.

१८ मार्च

काकूंना विचारायची वेळच आली नाही. चारला धापा टाकत घरी पोचले तर खिडकी बंद, पंखा बंद. आई तोंडाला मास्क लावून एकटी नळी जोडत होती. हात अगदी स्थिर.

"कधीपासून येतं तुला?"

"सहा महिने झाले असतील. हात थरथरायचे थांबले तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा गेल्यावर तू अंथरुणातून उठत नव्हतीस. माझ्या पाण्यासाठी उठायला लागलीस. म्हटलं, राहू दे तिच्याकडे. जास्तच दिवस राहू दिलं गं मी."

फार राग आला. तिच्याशेजारी बसून राहिले, नव्या पाण्याची पिशवी रिकामी होईपर्यंत. हात लावला नाही.