न दिसणारं ठिगळ

हॉलिवूड, ४ मार्च १९५६

आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

सध्या सिनेमातल्या गिरणी कामगाराच्या मुलीचे कपडे शिवतेय. तिचा मालकाच्या मुलावर जीव जडलाय. नवाकोरा फ्रॉक दगडाने घासून जुना केला, तू लावायचीस तसं ठिगळ लावलं. दिग्दर्शक खेकसला, "बाई, ठिगळ दिसतच नाही! पोरगी गरीब वाटणार कशी?" मग उसवून ओबडधोबड टाके घातले. हात भरून आलेत गं.

सिनेमात त्यांचं लग्न होतं.

तुला कधी सांगितलं नाही. आपल्या गिरणीमालकाच्या मुलाबरोबर, ड्वेनबरोबर, त्यांच्या घरी नाचाच्या पार्टीला गेले होते ना, तेव्हा त्याच्या आईने माझ्या फ्रॉकवरचं तुझं ठिगळ बोटांनी चाचपून शोधलं होतं.

तुझी दमलेली,
व्हर्ना