शंभरानंतरचे एकोणीस चेंडू

हार्पर फोर्क, कॅन्सस
१४ एप्रिल

प्रिय कोल्बी,

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी सकाळी मी बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घरी आले, तेवीस मुलांसाठी अंडी उकडत ठेवली, तेवढ्यात तू मागच्या दारानं आत आलास.

"मॅम, कोच म्हणतायत डावीकडची रेघ दारू पिऊन मारलीय."

"म्हणावं, उद्यापासून स्वतः मारा."

"मी नाही सांगत. मला आज खेळायचंय."

तू आणि तुझी लेक बरी असाल. इथं आठवडाभर वारा आहे. तुझं पत्र पोचलं. कोचच्या अंत्यविधीला का आला नाहीस ते सरळ लिहिलंस, बरं केलंस. 'मी मनात मोजत होतो, शंभर कधीच उलटले होते, आणि त्यांनी मला उतरवलं नाही. मुलीला उचलताना अजून कोपर दुखतं.' दोन महिने ते पत्र मी वाचायच्या पुस्तकात खुणेला ठेवलंय. पुस्तकं बदलली, खूण तीच.

कोचना माहीत नव्हतं.

मी त्यांची बायको, म्हणून पिचरनं टाकलेले चेंडू मोजायचं यंत्र माझ्याकडे असायचं. प्रत्येक चेंडूला अंगठ्यानं एकदा दाबायचं, डाव संपला की आकडा तक्त्यात लिहायचा. कोच स्वतः कधी मोजत नसत. "नेव्हा सांगेल ते खरं," म्हणायचे. शंभर झाले की हात जपायला पिचर खाली, मग तो कुणीही असो.

आपल्यासारख्या दोन वर्षांच्या कॉलेजात मोठ्या संघांसाठी खेळाडू हेरणारा स्काउट वर्षाकाठी एखादा फिरकायचा. त्या दिवशी दोघं आले होते. चिकनच्या कारखान्यातली पाळी सोडून तुझी आईही आली होती. सातव्या डावाआधी कुंपणापाशी तिसऱ्याची गाडी लागली. त्यानं तुला अजून पाहिलंच नव्हतं.

मी बसले होते त्या जाळीपाशी कोच आले. "किती झाले?"

यंत्रावर अठ्ठ्याण्णव होते. "ऐंशी," मी म्हणाले.

"एवढेच? पोरगा दमलेला दिसतोय."

"तुम्ही दमलाय."

ते हसले आणि परत गेले.

तू आणखी एकवीस टाकलेस. एकशे एकोणिसाव्याला तू हात धरून खाली बसलास.

तुला करार मिळावा असं वाटत होतं, हे खरं. पण आपल्या मैदानावरून एक तरी पोरगा वर गेला, हे मला मिरवायचंही होतं. मागाहून कोपरावरची पुस्तकं आणून शब्दकोश घेऊन वाचली. माझी शाळा आठवीला सुटलेली, पण तेवढं समजलं.

त्या संध्याकाळी कोच तुझ्या आईला म्हणाले, "चूक माझी. त्याचा हात मला दिसायला हवा होता." मी शेजारी उभी होते. अकरा वर्षं ते हेच म्हणत राहिले, अंथरुणाला खिळल्यावरही. मी तोंड उघडलं नाही.

क्षमा कर असं म्हणत नाही. त्यांच्यावरचा राग तेवढा काढून घे. तो माझ्या वाट्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी कोच तुझ्याजवळ इस्पितळात होते. मी टेबलाशी बसून मोजणीचा तक्ता नव्या कागदावर उतरवला, शेवटी एकशे एकोणीसच्या जागी ऐंशी आणि एकवीस, एकशे एक लिहिलं, आणि त्यांच्या फायलीत लावून ठेवला.

नेव्हा