अडकलेल्या पुंगळ्या

१७ फेब्रुवारी

प्रिय शेंडेफळास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत आहोत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो. बाबांचा हात थरथरतो, पण दुकान उघडायची वेळ काही चुकत नाही. तुझ्या कारखान्यात नवी यंत्रं आली, हे ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. नुसतं बंदुकीला तेल घालून घ्यायला आलेल्यालासुद्धा!

मागच्या आठवड्यात नेमबाजी शिकवणारे मास्तर त्यांचं जुनं, बारीक गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. बार उडाला की रिकाम्या पुंगळ्या गोळ्या भरायच्या चक्राच्या घरांत घट्ट बसायच्या. त्या बाहेर ढकलायचा दांडा दाबून दाबून मास्तरांचा तळवा सोलवटला होता. बाबांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं आणि मी समोर बसलेली असताना म्हणाले, "धाकट्याकडे पाठवू. तो पुन्हा नीट घासून देईल. गेल्या वर्षी त्यानेच घरं घासली होती."

मी काय तिथे माशा मारायला बसते?

म्हणून पार्सल बांधायच्या आधी मी ते खोललं. खरं सांगू? तुझी चूक सापडावी म्हणूनच खोललं. तू घरं जास्त घासून सैल केली असणार आणि म्हणून पुंगळ्या बार उडताना फुगून अडकत असणार, असं मनात धरून भिंग लावलं. मेल्या, एक ओरखडा सापडेल तर शपथ! इतका राग आला की समोरचा चहा गार झाला.

मग पुंगळ्यांकडे पाहिलं. प्रत्येकीच्या तोंडाशी काळं वळं. मास्तरांना विचारलं, "शिकाऊ पोरांना आखूड गोळ्या देता का?"

"देतो की. आवाज कमी होतो, पोरं दचकत नाहीत."

झालं! आखूड गोळीची काजळी घरात मध्येच साचते, तिचं कडं तयार होतं, आणि नंतर मास्तर स्वतः लांब गोळ्या झाडतात तेव्हा पुंगळी त्या कड्यात रुतते. पुन्हा घासलं असतं तर घरं कायमची वाया गेली असती. मी काजळी सफाईच्या द्रावात भिजू दिली, पितळी ब्रशने काढली, आणि मैदानावर मास्तरांनी बार काढले तेव्हा दांड्याला नुसता अंगठा लावला तरी पुंगळ्या खाली पडल्या.

मास्तर दुकानात येऊन तोंडभरून बोलले. बाबा म्हणाले, "धाकट्याने फोनवर सांगितलं असणार हिला." आणि लगेच तुला फोन लावला. तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "हो बाबा, साधीच गोष्ट होती."

साधी होती ना? मग काय होती ती, सांग बघू.

तुझं नाव निघालं की बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढतं. मला तुझा हेवा वाटतो, आणि तो आता लपवायचाही कंटाळा आलाय. पुढच्या महिन्यात ते दुकानाचा परवाना तुझ्या नावावर करायचं म्हणतायत. "ती काय, आहेच हाताखाली," असं आईला सांगत होते. तू परत येणार नाहीस, हे तू मला सांगून बसलायस, त्यांना नाही.

फोन चालू होता तेव्हाच मी बोलायला हवं होतं, म्हणशील. पण तुझं ऐकून त्यांचा चेहरा इतका खुलला होता की माझी जीभच उचलेना. बघ, त्यांचं मन जपायचं मी आणि लाडका तू!

आता तूच फोन कर. "रिव्हॉल्व्हर ताईने दुरुस्त केलं, मला त्यातलं काही माहीत नव्हतं आणि दुकानही मला नको," एवढं सांग. त्यांना वाईट वाटेल. माझं कौतुक करण्याआधी ते तुझ्यासाठी हळहळतील, हेही मला माहीत आहे. तरी सांग.

तुझीच, पण या वेळी मागे न सरणारी,
ताई